पाण्याच्या गोळीने थायरॉइड सुजतं का?

बीपीसाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी डॉक्टर पाण्याची गोळी लिहून देतात. काही महिन्यांनी गळा दुखतो, तपासण्या होतात आणि रिपोर्टवर 'थायरॉयडायटिस', म्हणजे थायरॉइडची सूज, असा शब्द येतो. घरातलं कुणीतरी मोबाईलवर गोळीचं नाव आणि हा आजार एकत्र शोधतं आणि इंग्रजीतलं एखादं पान उघडतं: हे औषध घेणाऱ्या इतक्या इतक्या लोकांनी थायरॉइडची सूज नोंदवली आहे. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

नाशिकला सिडकोत माझं मेडिकल आहे. तिथल्या काउंटरवर हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी एखादे काका स्ट्रिप परत करायला येतात, कधी एखादी ताई आईचे रिपोर्ट मोबाईलवर दाखवत विचारते, "दादा, ही गोळी थांबवू का?" माणसं घाबरलेली असतात आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. काउंटरवरच्या गर्दीत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधीच सांगून ठेवतो. नेहमीच्या वापरातल्या पाण्याच्या गोळ्यांमुळे थायरॉइडला सूज येते, असं सिद्ध झालेलं नाही. पण या गोळ्यांचे थायरॉइडच्या तपासण्यांशी, शेजारच्या ग्रंथींशी आणि सुजेवरच्या उपचारांशी खरे धागे आहेत. ते फारसं कुणी समजावून सांगत नाही, आणि पेशंटला त्रास होतो तो बहुतेकदा त्यांच्यामुळेच.

तुमच्या गोळीत पाण्याचं औषध आहे का?

पाण्याची गोळी किंवा लघवीची गोळी म्हणजे डाययुरेटिक. मूत्रपिंडातून जास्तीचं मीठ, म्हणजे सोडियम, लघवीवाटे बाहेर टाकायला ती भाग पाडते. मिठाच्या मागे पाणी जातं. रक्तवाहिन्यांमधला भार उतरतो, बीपी खाली येतं, सूज ओसरते.

यांचे तीन मुख्य गट आहेत. बीपीसाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडॅपामाइड ही थायझाइड आणि त्यांच्या जवळची मंडळी. हृदय किंवा मूत्रपिंड थकल्यावर साचलेलं पाणी जोरात काढणारी फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड. आणि पोटॅशियम राखून पाणी काढणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं.

आपण पाण्याचं औषध घेतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. बीपीच्या जोडगोळ्यांमध्ये ते दडलेलं असतं. ब्रँडच्या नावापुढे 'एच' असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, 'सीटी' असेल तर क्लोरथॅलिडोन. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतली घटकांची नावं वाचा, किंवा मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला सांगा. ते आमचं कामच आहे.

थायरॉइडची सूज म्हणजे काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराचा वेग ठरवणारे टी-थ्री आणि टी-फोर हे हार्मोन ती बनवते. त्यांच्यावर नजर ठेवणारा टीएसएच हा हार्मोन मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. थायरॉइड मंद झालं की टीएसएच वाढतो, जास्त चाललं की घटतो.

थायरॉइडचं एक वैशिष्ट्य असं की ते हार्मोन साठवून ठेवतं, दोन-तीन महिने पुरेल इतका. आपलं गंगापूर धरण डोळ्यांपुढे आणा. भिंतीला भगदाड पडलं तर आधी खाली गोदाकाठी पूर येईल. मग धरण रिकामं होईल आणि शहराचे नळ कोरडे पडतील. भिंत दुरुस्त होऊन पुन्हा पाणी साठलं की पुरवठा सुरू होईल. सुजलेल्या थायरॉइडचं बरेचदा हेच होतं. सुजेमुळे पेशी फुटतात, साठवलेला हार्मोन एकदम रक्तात येतो. धडधड, घाम, हाताला कंप, वजनात घट. काही आठवड्यांनी साठा संपतो आणि थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं सुरू होतं. पुढे बहुतेकांचं थायरॉइड पूर्ववत होतं, काहींचं कायमचं मंद राहतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सुजेच्या पहिल्या टप्प्यात हार्मोन जास्त दिसला, तरी ग्रंथी जास्त काम करत नसते, फक्त गळत असते. म्हणून ग्रंथीचं काम थांबवणारी कार्बिमॅझोलसारखी गोळी इथे उपयोगाची नसते. गळती आहे की जास्तीचं उत्पादन, हे ठरवण्यासाठी डॉक्टर कधी कधी थायरॉइडचा स्कॅन सांगतात. सुजेत तो जवळपास कोरा येतो, जास्तीच्या उत्पादनात भरलेला. हा खर्च वाया जात नाही.

सुजेचे प्रकार अनेक आहेत. सर्वात जास्त आढळणारा हाशिमोटोचा. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उलटते, आणि हे वर्षानुवर्षं न दुखता चालतं. दुसरा प्रकार दुखणारा. सर्दी-तापासारख्या विषाणूच्या आजारानंतर काही आठवड्यांनी गळा ठणकतो, कळ जबड्यात आणि कानात जाते, बारीक ताप राहतो, रक्तातला ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, बराच वाढलेला असतो. कोविडनंतरही अशा सुजा नोंदवल्या गेल्या. तिसरा प्रकार बाळंतपणानंतरच्या वर्षात येतो, आणि घरचे त्याला बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून सोडून देतात. औषधांमुळे होणारी सूज हा आणखी वेगळा गट. त्याकडे येतोच.

मग त्या पानावर गोळीचं नाव कसं आलं?

१९६१ मध्ये थॅलिडोमाइड या औषधाची भीषण हानी जगासमोर आली. गरोदर बायकांनी घेतलेल्या या औषधामुळे हजारो बाळं हातापायांतलं व्यंग घेऊन जन्मली. त्यानंतर औषधांचे दुष्परिणाम गोळा करण्याची जागतिक पद्धत उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये तो कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया' २०१० पासून आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादला आहे.

या व्यवस्थेचा नियम मुद्दाम सैल ठेवलेला आहे: नुसती शंका आली तरी कळवा. औषध घेताना जे जे घडलं ते नोंदवलं जातं. औषधामुळेच घडलं का, हे नंतर तपासायचं असतं. हजारो नोंदींत एखादी जोडी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसली, तर तज्ज्ञ तिला इशारा मानून शोध घेतात. कितीतरी दुर्मिळ दुष्परिणाम असेच सापडले. व्यवस्था उत्तम आहे.

अडचण पुढे होते. या कच्च्या नोंदी काही साइट उचलतात, औषध आणि आजार यांच्या जोड्या लावतात आणि पान तयार करतात. ते औषध एकूण किती लोक घेतात, हे त्यात नसतं. त्या माणसांना आधीपासून काय होतं, सोबत कोणती औषधं चालू होती, औषध न घेणाऱ्यांत तो आजार किती आढळतो, हेही नसतं. एवढं सगळं नसताना एका आकड्यावरून काहीच ठरत नाही.

आपल्याकडचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना बीपीची औषधं चालू होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांचं थायरॉइड मंद निघालं. आयोडीनयुक्त मीठ पोचलेल्या भागांत मंद थायरॉइडचं सर्वात मोठं कारण हाशिमोटोची सूजच असते. म्हणजे शंभर बीपीवाले उभे केले, तर गोळीचा कसलाही हात नसताना त्यांतल्या दहा-अकरा जणांचं थायरॉइड मंद असायचंच. बीपी आणि मंद थायरॉइड दोन्ही वयाबरोबर वाढतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा आणखी वर जातो.

"पण गोळी सुरू केल्यावरच गळा दुखायला लागला"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. काळाचा क्रम हा औषधाच्या चौकशीतला पहिलाच प्रश्न असतो. पण तो एकटा पुरत नाही. बीपीचं निदान झालं म्हणजे माणूस पहिल्यांदा नीट तपासणीच्या फेऱ्यात सापडतो. रक्त जातं, पॅकेजमध्ये टीएसएच असतो, आणि वर्षानुवर्षं चोरपावलांनी चाललेलं हाशिमोटो तेव्हा उघडं पडतं. रिपोर्टची तारीख गोळीनंतरची असते, आजाराची नसते.

याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम उलटाही असू शकतो. मंद थायरॉइडमुळे बीपी वाढतं, विशेषतः खालचा आकडा. चेहरा आणि पापण्या फुगतात, पाय जड होतात. निदान झालेलं नसेल तर त्या बीपीसाठी आणि त्या सुजेसाठी पाण्याची गोळी सुरू होते. सहा महिन्यांनी थायरॉइडचा आजार कळतो आणि आळ गोळीवर येतो. प्रत्यक्षात आजारामुळे गोळी आलेली असते.

इथे बायकांना कळकळीने सांगायचं आहे. चेहरा फुगतो म्हणून, वजन कमी दिसावं म्हणून, मैत्रिणीने सांगितलं म्हणून पाण्याची गोळी मागायला येऊ नका. थायरॉइडची फूग पाण्याच्या गोळीने उतरत नाही, कारण ती साध्या साचलेल्या पाण्याची नसते. वरून सोडियम आणि पोटॅशियम घसरतं. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, त्यामुळे "नाही" म्हणणाऱ्या मेडिकलवाल्यावर रागावू नका.

खरे संशयित बरेचदा त्याच फाइलमध्ये असतात

औषधांमुळे थायरॉइड सुजतं, हे शंभर टक्के खरं आहे. फक्त ती औषधं वेगळी आहेत.

पहिलं नाव ॲमिओडारोनचं. हृदयाचे ठोके बिघडल्यावर दिलं जाणारं, जीव वाचवणारं औषध. त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीन असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन भरतं, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम. यामुळे कुणाचं थायरॉइड मंद होतं, कुणाचं भडकतं, तर कुणाच्या थायरॉइडला सूज येऊन हार्मोनची गळती होते. हे औषध शरीरात इतकं मुरतं की बंद केल्यानंतर काही महिन्यांनीही त्रास उद्भवू शकतो. आता विचार करा, ॲमिओडारोन कुणाला दिलं जातं? हृदयाच्या पेशंटला. पाण्याची गोळी कुणाला चालू असते? त्याच पेशंटला. नोंदीत दोन्ही नावं शेजारी येतात, आणि शोधणारा माणूस आपल्या ओळखीच्या गोळीचं नाव टाइप करतो. ॲमिओडारोन सुरू करण्याआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी थायरॉइड तपासायचं असतं. घरात कुणाला ते चालू असेल तर शेवटचा टीएसएच कधी झाला, ते आजच फाइल काढून बघा.

दुसरं लिथियम. बायपोलर आजारात वापरतात. त्याने थायरॉइड मंद होतं, गळ्याशी गोळा वाढतो, कधी न दुखणारी सूजही येते. इथे पाण्याच्या गोळीचा खराखुरा हात असू शकतो, पण आडून. थायझाइड गटाची गोळी लिथियमला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे रक्तातलं लिथियम वाढतं, विषारी पातळीपर्यंतही जाऊ शकतं. मनाच्या डॉक्टरांना बीपीची गोळी माहीत नसते आणि बीपीच्या डॉक्टरांना लिथियम, कारण मानसिक आजाराची फाइल आपल्याकडे अजून लपवली जाते. ती लपवू नका. दोन्ही फाइली दोन्ही डॉक्टरांपुढे गेल्याच पाहिजेत.

तिसरी गोष्ट औषध म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही: अँजिओग्राफीत किंवा सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेली डाय. त्यात आयोडीनचा मोठा साठा असतो आणि आधीच नाजूक असलेलं थायरॉइड त्याने काही आठवड्यांनी बिघडू शकतं. अँजिओग्राफीनंतर घरी सोडताना गोळ्यांच्या यादीत पाण्याची गोळी असते. डाय विसरली जाते, गोळी रोज समोर दिसते.

याशिवाय इंटरफेरॉन आणि कर्करोगावरची काही नवी इम्युनोथेरपीची औषधं आहेत. ती देताना डॉक्टर थायरॉइडवर लक्ष ठेवूनच असतात.

पाण्याच्या गोळ्या सल्फाच्या घराण्यातल्या ना?

हा अभ्यास करून आलेल्या माणसाचा प्रश्न आहे, आणि चांगला आहे. थायझाइड आणि फ्युरोसेमाइड यांची रासायनिक मुळं सल्फा औषधांत, म्हणजे जंतुसंसर्गावरच्या एका जुन्या गटात, आहेत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना सल्फाग्वानिडीन हे सल्फा औषध खायला दिल्यावर त्यांच्या थायरॉइड ग्रंथी वाढल्या. त्याच धाग्यावरून पुढे थायरॉइड आवरणारी औषधं सापडली. पण त्या उंदरांत हार्मोन बनवण्याचं काम अडलं होतं, म्हणून ग्रंथी मोठी झाली. सूज येऊन पेशी फुटणं ही वेगळी प्रक्रिया. शिवाय १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेली थायझाइड औषधं तेव्हापासून जगभर कोट्यवधी लोकांनी घेतली आहेत. त्यांचे दुष्परिणाम चांगलेच ठाऊक आहेत: सोडियम आणि पोटॅशियम घटणं, युरिक ॲसिड वाढून सांधा धरणं, साखर थोडी वर जाणं, उन्हाने त्वचा भाजणं. थायरॉइडची सूज त्या सिद्ध दुष्परिणामांत नाही.

म्हणजे थायरॉइडशी काहीच संबंध नाही?

आहे, आणि तो नेमका कळून घेण्यासारखा आहे.

रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त थायरॉइड हार्मोन प्रथिनांना चिकटलेला असतो. फ्युरोसेमाइड मोठ्या डोसात शिरेतून दिलं, तर ते हार्मोनला त्या प्रथिनांवरून सुटं करतं. तेव्हा रक्त तपासलं तर 'फ्री टी-फोर' काही काळ खोटा वाढलेला दिसू शकतो. त्यात गंभीर आजारपणात थायरॉइडचे आकडे एरवीही वरखाली होतात. म्हणून हॉस्पिटलात ॲडमिट असताना आलेला थोडासा बिघडलेला रिपोर्ट घेऊन घाबरू नका. पक्का संशय नसेल, तर बरं होऊन घरी आल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर तोच तपास पुन्हा सांगतात.

दुसरा धागा कॅल्शियमचा. थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइडच्या चार बारीक ग्रंथी असतात. त्यांचं काम वेगळं, शरीरातलं कॅल्शियम सांभाळायचं. थायझाइड लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम किंचित वाढतं. कुणाच्या पॅराथायरॉइडमध्ये आधीपासून छुपा बिघाड असेल तर तो यामुळे उघड होतो. रिपोर्टवर 'पॅराथायरॉइड' वाचून थायरॉइडची गोळी मागणारे लोक येतात. दोन्ही आजार वेगळे, उपचारही वेगळे.

तिसरा धागा मला सर्वात जास्त काळजीचा वाटतो. थायझाइडने रक्तातलं सोडियम घटतं, आणि खूप मंद झालेल्या थायरॉइडनेही घटतं. साठी-सत्तरीतल्या बारीक अंगाच्या मावशी, बीपीची 'एच' गोळी, थायरॉइडची गोळी दोन महिने सुटलेली, एप्रिल-मे मधलं नाशिकचं ऊन, दोन दिवस उलट्या-जुलाब. मग त्या असंबद्ध बोलायला लागतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. अशा वेळी वाट न बघता हॉस्पिटल गाठून सोडियम तपासायचं.

मिठाचाही एक गैरसमज इथेच सांगतो. बीपी आहे म्हणून पुष्कळ घरांत रोजच्या स्वयंपाकात सैंधव आलं आहे. सैंधवातही सोडियम भरपूर असतं, त्यामुळे बीपीला त्याचा फारसा फायदा नाही, आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर त्यात घातलेलं आयोडीन नसतं. उपवासापुरतं ठीक. रोजच्यासाठी आयोडीनयुक्त साधं मीठच घ्या, पण कमी.

गळ्यातली प्रत्येक सूज थायरॉइडची नसते

हायड्रोक्लोरोथायझाइडच्या माहितीपत्रकात एका ग्रंथीची सूज खरोखरच दिलेली आहे, पण ती लाळग्रंथीची. ती फुगते जबड्याखाली किंवा कानापुढे, बहुधा खाताना जास्त दुखते, तोंड कोरडं पडतं. थायरॉइड असतं गळ्याच्या मधोमध, खाली, आणि घोट गिळताना वरखाली हलतं. आरशासमोर पाण्याचा घोट घेऊन बघा. सूज नेमकी कुठे आहे आणि गिळताना हलते का, एवढं डॉक्टरांना सांगता आलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

गोळी चार दिवस बंद करून बघितली तर?

औषध थांबवून बघणं ही डॉक्टरांचीही पद्धत आहे. फरक असा की ते आधी दुसरं औषध जोडतात, वजन आणि बीपी बघत राहतात. हृदय अशक्त असलेल्या माणसाने टॉर्सेमाइड मनाने सोडलं, तर काही दिवसांतच पाणी साचतं, वजन दोन-अडीच किलो वाढतं, रात्री आडवं पडलं की दम लागतो. बीपीवाल्याला तेवढ्या लवकर काही जाणवत नाही, आणि धोका तिथेच असतो.

शिवाय चार दिवसांतून थायरॉइडबद्दल काही कळतही नाही. सूज आठवड्या-महिन्यांच्या चालीने जाते. विषाणूनंतरची सूज आपोआपही ओसरते. गोळी सोडलेली असताना ती ओसरली, की माणसाची आयुष्यभराची खात्री पटते, आणि बीपीचं एक चांगलं, स्वस्त औषध त्याला कायमचं वर्ज्य होतं.

एसटीने मुंबई-पुण्याला जायचं किंवा श्रावणात ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला जायचं, आणि वाटेत लघवीची सोय नाही, म्हणून त्या दिवशी गोळी टाळणारे पुष्कळ आहेत, विशेषतः बायका. अडचण खरी आहे. डॉक्टरांना तशी सांगा, बहुतेकांना वेळ पुढेमागे करून देता येते. रोजचं म्हणाल तर थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि पाण्याची गोळी नाश्त्यानंतर. रात्री घेतली तर झोपमोड आणि अंधारात पडण्याचा धोका.

सूज खरीच निघाली तर

गोळीचा दोष नसला तरी गोळी चालू आहे, हे उपचार करणाऱ्याला कळलंच पाहिजे. दुखणाऱ्या सुजेवर पहिला उपाय असतो आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी वेदनाशामकं. ही औषधं पाण्याच्या गोळीचा असर कमी करतात आणि बीपी वाढवतात. त्यात बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं औषध असेल, तर ते, पाण्याचं औषध आणि वेदनाशामक अशी तिघं मिळून मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यालेलं असताना तर जास्तच. 'टेल्मिसार्टन-एच' घेणारा माणूस गळा दुखतो म्हणून आठवडाभर मेडिकलमधून वेदनाशामक नेतो, तेव्हा प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर असते आणि एकत्र येऊन घात करते. मला काउंटरवर सगळ्यात जास्त भीती वाटते ती या जोडणीची.

वेदनाशामकाने भागलं नाही तर डॉक्टर स्टिरॉइड देतात. स्टिरॉइडने साखर आणि बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं, आणि पोटॅशियम घटवण्याचं काम बहुतेक पाण्याच्या गोळ्या आधीच करत असतात. थायरॉइड भडकलेल्या टप्प्यात हृदय मुळातच धावत असतं, त्यात पोटॅशियम कमी झालं तर ठोके चुकू शकतात. त्यामुळे या काळात सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासणं गरजेचं असतं. डॉक्टरांनी सांगितलं नाही तर आपण विचारावं.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या आणि प्रत्येक गोळी साधारण कधी सुरू झाली ते कागदावर लिहा. गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप-सर्दी झाली होती का, डाय देऊन स्कॅन झाला का, वर्षभरात बाळंतपण झालं का, घरात कुणाला थायरॉइड आहे का, हेही. केसांसाठीच्या गोळ्या आवर्जून सांगा. त्यात बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, आणि त्याने काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चक्क खोटे येतात. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती गोळी थांबवावी लागते.

तरीही शंका राहिली तर

ती नोंदवा. एखाद्याच्या बाबतीत पाण्याच्या गोळीने खरोखरच असं काही केलं असेल, तर ते कळण्याचा रस्ता हाच आहे. फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाची टोल फ्री हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. पेशंटने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. डॉक्टर नसलात तरी चालतं, आणि औषधाचाच दोष आहे हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला आणि सोबत कोणती औषधं चालू होती, एवढं लिहायचं. सोबतच्या औषधांचा रकाना रिकामा सोडू नका, ॲमिओडारोन आणि लिथियम याच रकान्यात सापडतात. स्ट्रिपवरचा बॅच नंबरही लागतो. तो बहुधा एकाच कडेला छापलेला असतो, म्हणून गोळ्या कापून नेताना किंवा वापरताना ती कड शेवटपर्यंत जपून ठेवा.